वरची पाव मूठ

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, हे माझी आई लग्नाआधीच सगळ्यांना सांगून मोकळी झाली होती. पुढे कोणी तक्रार घेऊन आलंच तर आम्ही आधी सांगितलं होतं असं तिला म्हणता यावं, एवढाच हेतू. सासरी येऊन सव्वा वर्ष झालं तरी तशी वेळ आली नव्हती. ती आली कानबाईच्या गव्हांवरून.

आमचं मूळ गाव अकोल्याकडचं. बाबा बांधकामावर सुरतेला आले आणि मी इथेच जन्मले, इथेच शिकले, आता कापड बाजारातल्या एका दुकानात साड्यांचे फोटो काढून मोबाइलवर टाकायचं काम करते. कानबाई आमच्याकडे नाही. सासर मात्र पक्कं खानदेशी, चोपड्याजवळच्या तापीकाठच्या गावचं. लिंबायतमधल्या आमच्या गल्लीत वीस घरं असतील तर पंधरा तिकडची. श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी घरोघर कानबाई बसते. नारळालाच डोळे काढतात, नथ घालतात, नवी साडी नेसवतात आणि केळीच्या खांबांमध्ये चौरंगावर बसवतात. सोमवारी डोक्यावर घेऊन वाजतगाजत तापीवर नेतात आणि पाणी दाखवून नारळ परत घरी आणतात. गावालाही तापी, इथेही तापी, त्यामुळे माझ्या सासूबाईंना, उषाबाईंना, सुरत कधी परकी वाटलीच नाही. गावात कोणी कपडे धुतले की तेच पाणी चार दिवसांनी आपल्याकडे येतं, असं त्या अगदी गंभीरपणे सांगतात.

या सणाचा सगळा जीव रोटात. घरातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. ते दळून पुरण भरून रोट करायचे. आमच्या घरच्या रीतीप्रमाणे जितकी नावं तितके रोट. ते फक्त भाऊबंदांनीच खायचे. शेजारणीला नाही, मैत्रिणीला नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा नाही. सोमवारी कानबाई पाण्याला निघायच्या आत ते संपले पाहिजेत. ज्याच्या नावाचा रोट तो माणूस पानावर नाही, त्याचा रोट जमिनीत पुरतात आणि पुढच्या वर्षापासून त्याचं नाव मुठीत घेत नाहीत. घरातला माणूस गेल्यावर जे करतात तेच. हा शेवटचा भाग मला कोणी सांगितला नव्हता.

सांगायची वेळच आली नव्हती म्हणा. गेल्या वर्षी ऐन श्रावणात गावाकडे भाऊबंदांतले धुडकूबाबा वारले, सुतक आलं, कानबाई बसली नाही. त्यामुळे यंदाची माझी पहिलीच. त्यात आई, म्हणजे सासूबाई, जिन्यावरून घसरल्या आणि उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये गेला. शुक्रवारी त्यांना दवाखान्यात दाखवायला जायचं होतं आणि गिरणीवाला कानबाईचं दळण शुक्रवारी दुपारीच घेतो, गिरणी धुऊन-पुसून. तेव्हा मूठ टाकायचा मान माझ्याकडे आला.

"नानाले नावं इचार," निघता निघता आई म्हणाल्या. "एक नाव, सव्वा मूठ. कमी नही, जास्ती नही."

"पण सव्वा का? एक का नाही?"

"वरनी पाव येनारनी ऱ्हास."

येणाऱ्याची, म्हणजे घरात अजून जो यायचाय त्याची. लग्नाला सव्वा वर्ष झालेल्या सुनेने पुढचं काही विचारायचं नसतं. मी सूप उचललं.

नाना, माझे सासरे सुकलाल, चौरंगाच्या हलत्या पायाला खिळा ठोकत बसले होते. तीस वर्षं त्यांनी लूमच्या खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात, काढली. खातं सुटलं पण कान तिथेच राहिले. ते ओरडून बोलतात आणि त्यांच्याशी ओरडूनच बोलावं लागतं, म्हणून आमच्या घरातलं काहीही गल्लीपासून लपत नाही.

"नाना, नावं सांगा!" मी सूप घेऊन ओरडले.

त्यांनी मान वर केली नाही. हातोडी थांबवली नाही. एका दमात म्हणाले, "सुकलाल, बन्सीलाल, ललित, गोपाल."

ललित म्हणजे माझा नवरा. बन्सीलाल नानांचे धाकटे भाऊ, गोपाल त्यांचा मुलगा. त्या घराशी आपलं बोलणं नाही हे मला पुरतं ठाऊक होतं. क्षणभर माझा हात थांबलासुद्धा. मग म्हटलं, माणसांचं भांडण देवीला कशाला, अशी काहीतरी रीत असेल. आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. चार नावं घेतली, चार सव्वा मुठी टाकल्या, चण्याची डाळ वेगळी बांधली आणि गिरणीत देऊन आले.

संध्याकाळी आई आल्या. डाव्या हाताने पिठाचा डबा उचलून पाहिला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"कितल्या मुठी लिध्या?"

"चार."

"आपला घर मा दोन माणसं शेत. चार कथाईन उन्यात?"

घरात पुरुष दोन, मग चार मुठी आल्या कुठून? मी नावं सांगितली. तिसऱ्या नावापर्यंत मी पोचलेच नाही. बन्सीलाल म्हटल्याबरोबर आईंनी डबा खाली ठेवला आणि नानांकडे पाहिलं.

"मी नही सांगं!" नाना गरजले. "मी कसाले सांगू त्यानं नाव?"

इथे माझं नाक कामाला लागलं. "मग मी काय स्वप्नात ऐकली नावं? तुम्ही खिळा ठोकत होतात आणि चारही नावं एका दमात म्हणालात. मला तुमच्या भावाचं नाव घालायची काय हौस?"

"मी नही सांगं."

"सांगितलंत."

"हाई पोरगी खोटं बोली राहयनी," नाना आईंना म्हणाले, पण आता त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. तीस वर्षं लूम चालवलेला माणूस हळू बोलला की समजावं, त्याला आठवलंय.

भांडण झालं होतं माझ्याच लग्नाच्या पत्रिकेवरून. बन्सीकाका पलसाण्याला रंगाच्या मिलमध्ये आहेत, तिकडेच राहतात. पुतण्याचं लग्न म्हणून त्यांनी दोनशे पत्रिका उचलल्या आणि ड्युटी सांभाळून पलसाणा, कडोदरा आणि थेट गावाकडेही घरोघर वाटत फिरले. वाचली एकही नाही. घरचीच पत्रिका, वाचायची काय? शेवटी कडोदऱ्याच्या एका घरी चहा पिताना यजमानाने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "बन्सीभाऊ, यात तुमचं नाव कुठे आहे?" नव्हतंच. मामांचं होतं, नानांच्या खात्यातल्या मित्राचं होतं, आमच्या लग्नाला यायचं हं म्हणणाऱ्या पाच चिल्ल्यापिल्ल्यांचं होतं, फक्त सख्ख्या काकांचं नव्हतं. काकांनी तो चहा अर्धाच ठेवला. उरलेल्या पत्रिका आमच्या ओट्यावर ठेवून गेले आणि लग्नाला आले नाहीत. नाना म्हणाले छापखान्याची चूक, मी कशाला पाया पडू. त्यानंतर गोपालला मुलगा झाला, तो पाच महिन्यांचा झाला, तरी दोन्ही घरांत ये-जा नव्हती.

"दोन मुठी काढून टाकू का?" मी विचारलं. तेव्हा मला खरंच एवढं सोपं वाटलं होतं.

"पीठ झाये, माय," आई म्हणाल्या. "आनि टाकेल मूठ मांगे लेतस नही."

मग त्यांनी मला पुरायचं सांगितलं. ज्याचा रोट उरला त्याचा रोट मातीत, त्याचं नाव बंद. मी ऐकत होते आणि माझा राग उतरत होता. भांडण पुढेमागे मिटलं असतं. सोमवारी त्या नावांवर माती पडली की मिटायला काही उरणार नव्हतं. आणि मूठ माझ्या हातची होती.

नाना हातातली हातोडी तशीच धरून चौरंगाजवळ बसले. "भाऊले पुरू का मी?" ते म्हणाले. "जित्ता भाऊले?"

"मग फोन करा," मी म्हटलं.

"त्यानी बारसाले बलावं नही माले."

या एका वाक्याला धरून नाना शुक्रवारची रात्र आणि शनिवारची सकाळ बसून राहिले. ललितला सांगून पाहिलं. तो एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर बारा-बारा तास असतो आणि घरातल्या भांडणात भिंतीला टेकून उभा राहणं ही त्याची खास कला आहे. "बघू," म्हणाला. त्याचं बघू मला माहीत आहे. शनिवारी दुपारी मी दुकानातून अर्धी सुटी घेतली आणि पर्स उचलली.

"कुठे?" आई दारातून म्हणाल्या.

"पलसाण्याला."

"मी काही सांगेल नही हां तुले," त्या म्हणाल्या. आणि डाव्या हाताने माझ्या पदराला लागलेलं पीठ झटकून दिलं.

कडोदऱ्यापर्यंत शेअर रिक्षा, तिथून दुसरी. हायवेच्या कडेने मिलची धुराडी, ट्रकांची रांग आणि नाकात जाणारा रंगाचा तो वास. काकांची खोली मिलमागच्या चाळीत, सात नंबरची. मी दारात उभी राहिले तेव्हा पुष्पाबाई, म्हणजे काकू, गहू निवडत होत्या. मला ओळखायला त्यांना जरा वेळ लागला. साखरपुड्यालाच काय ते पाहिलं होतं.

"ललितची ना गं तू?" म्हणाल्या, आणि ताट बाजूला सरकवून उठल्याच. पाणी दिलं, चहा ठेवला. त्यांची सून सोनाली आतून आली. मधल्या खोलीत साडीची झोळी बांधलेली होती आणि तिच्यातून एक पाय बाहेर आला होता, इवलासा, गुबगुबीत. मी जाऊन तो धरलाच.

"यंदा आम्ही कानबाई बसवणार नाही," काकू चुलीकडे तोंड करून म्हणाल्या. "जुना नारळ तुमच्याकडे. नवा नारळ त्याला भेटवल्याशिवाय बसवता येत नाही. पहिला नातू आहे घरात, आणि रोट नाही." एवढं बोलून त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

बन्सीकाका ड्युटीवरून येऊन झोपले होते ते आमच्या आवाजाने उठले. नानांपेक्षा उंच, तेच नाक, आणि हाताच्या बोटांची नखं रंगाने निळी. माझ्याकडे पाहिलं, भिंतीला टेकून बसले. मी नमस्कार केला. त्यांनी आशीर्वाद दिला, पण तोंडातल्या तोंडात.

"बाळाचं नाव काय ठेवलं?" मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

सोनाली सांगणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "नाव कोनी सांगानं नही. ज्याले इचारनं शे तो ईसन इचारी." येऊन विचारायचं ते नानांनी, हे कळत होतं.

"तुम्ही बारशाला बोलावलं नाहीत असं नाना म्हणतात."

"सख्खा भाऊले बलावनं लागस?"

लागत नाही, हे माझ्या ओठांवर आलं होतं. तसंच सख्ख्या भावाचं नाव पत्रिकेत आहे का हे बघणंही लागत नसेल. पण मी जीभ चावली आणि आधी गव्हांचं सांगितलं. चार नावं, चार मुठी, सोमवार. काकूंनी चहाचं पातेलं खाली उतरवलं आणि ऐकत उभ्या राहिल्या. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दोनशे घरं फिरलो मी. या हाताने वाटल्या. लोक हसले असतील मागून. आता दोन मुठी गहू चुकून पडले म्हणून पळत येऊ?"

चुकून, म्हणाले आणि माझ्या रागाने उचल खाल्ली.

"काका, पत्रिकेची नावंही नानांनीच सांगितली होती. ललितने लिहून घेतली, मला त्यानेच सांगितलंय. मामांचं आठवून सांगितलं, मित्राचं आठवून सांगितलं. तुमचं आठवायचं सुचलंच नाही, कारण त्यांना वाटलं आपलं नाव सांगितलं म्हणजे बन्सीचं आलंच. आणि काल खिळा ठोकत होते, लक्ष नव्हतं, तेव्हा स्वतःच्या नावामागे श्वाससुद्धा न घेता तुमचं नाव घेतलं. छापखान्याची चूक म्हणतात ते खोटं आहे, चूक त्यांचीच आहे. पण दोन्ही वेळा एकच चूक आहे. तुम्हाला ती दिसत नसेल तर मी काय करू?"

सव्वा वर्षाच्या सुनेने चुलत सासऱ्याला असं बोलायचं नसतं.

"आधी कोनं नाव लिधं?" काका म्हणाले.

"स्वतःचं. मग तुमचं. मग मुलांची."

"बाप वावरातून तशीच हाक मारायचा," ते म्हणाले. "सुकलाल-बन्सीलाल. एकाला बोलवायचं असलं तरी." मग उठले, आत गेले आणि दार लोटून घेतलं. येतो म्हणाले नाहीत, येत नाही म्हणाले नाहीत. मी चहा पूर्ण प्यायले, झोळीतल्या पायाचा पापा घेतला आणि निघाले.

घरी आल्यावर नानांनी काही विचारलं नाही. फक्त मी पाणी पिईपर्यंत समोर उभे राहिले. "काही बोलले नाहीत," मी ओरडून सांगितलं. शेजारच्या मनीषाने खिडकीतून डोकावून पाहिलं.

रविवारी कानबाई बसली. आईंनी सांगायचं आणि मी करायचं, असं ते चाललं. डोळे जरा तिरके आले तर म्हणाल्या राहू दे, आपल्याकडे बघतेय. चार रोट केले. गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी, कटाची आमटी, खीर. गल्लीतल्या बायका येऊन गाणी म्हणून गेल्या, फुगड्या झाल्या. प्रत्येक रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली की नाना उठून दारापर्यंत जायचे आणि पाणी सांडलंय का बघायला आलो असं दाखवून परत यायचे. दिवसभरात अकरा वेळा गेले. मी मोजलं, कारण माझंही चित्त दुसरीकडे नव्हतं.

सोमवारी सकाळी नऊ वाजता ढोलवाले आले. दहाला निघायचं. केळीच्या पानांवर रोट वाढायचे होते. आईंनी दोन पानं मांडली, थोडं थांबून आणखी दोन मांडली. मग त्या गच्चीवरून सदाफुलीची कुंडी घेऊन आल्या, डाव्या हाताने छातीशी धरून. लिंबायतमध्ये सगळीकडे लादी आणि सिमेंट. रोट पुरायला माती म्हणायला तेवढी एक कुंडी होती. त्यांनी ती दाराशी ठेवली, झाड उपटून बाजूला केलं आणि मधली माती चमच्याने काढायला लागल्या. एका हाताने जमत नव्हतं.

"मी करते," मी म्हटलं.

"नको. तुन्हा हातनी मूठ शे, तुन्हा हातनी माती नको."

नाना पानावर बसले होते, पण रोट वाढू दिला नव्हता. ललित त्यांच्या शेजारी. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते. मला रडू फुटायला आलं होतं आणि रागही येत होता, पलसाण्याच्या त्या निळ्या नखांच्या माणसाचा, आणि माझ्या जिभेचा. गोड बोलले असते तर आले असते, असं दोन दिवस माझ्या मनात घोळत होतं.

पावणेदहाला रिक्षा थांबली. नाना या वेळी उठले नाहीत. बारा वेळा फसायची त्यांची तयारी नसावी. आधी दारात गंगाफळ आलं, भलंमोठं, त्यामागे पुष्पाबाई. मग गोपाल, मग बाळाला घेऊन सोनाली. काका सगळ्यांत मागे, इस्त्रीच्या शर्टात. हातात एक नवा नारळ.

नाना उभे राहिले. दोघं भाऊ एकमेकांकडे न बघता केळीच्या खांबांकडे बघत राहिले.

"रिक्षा मियनी का लगेच?" नाना म्हणाले.

"कडोदराले थांबनं पडनं."

"गर्दी ऱ्हास सोमवारे."

"हा."

माफी-बिफी काही झाली नाही. काकांनी नवा नारळ जुन्या नारळाला टेकवला, हात जोडले आणि गोपालला घेऊन पानावर बसले. आईंनी पायाने कुंडी कोपऱ्यात ढकलली. मी चार पानांवर चार रोट वाढले, तूप सोडलं.

काकांनी आपल्या पानाकडे पाहिलं, गोपालच्या पानाकडे पाहिलं, मग चौघांच्या पानांवरून नजर फिरवली. घास हातात घेतला नाही.

"दादा, मन्हा घर मा तीन माणसं शेत," ते म्हणाले. "मन्हा नातूनी मूठ कोठे शे?"

दोन मुठी जास्त झाल्या म्हणून आम्ही तीन दिवस जीव टांगणीला लावला होता, आणि निघाली एक कमी. पुन्हा एकदा त्याच घरातलं एक नाव राहिलं होतं. काका पानावरून उठले असते तर त्यांना अडवायला माझ्याकडे या वेळी एकही शब्द नव्हता.

आणि हे वाक्य नानांना पहिल्याच वेळी ऐकू आलं.

"नाव माहीत नही माले!" ते ओरडले. "नाव नही त मूठ कोना नावनी टाकू? पाच महिना झायात बन्सी, पाच महिना! लोकेस्ना पोरगास्नी नावं माहीत शेत माले, घरना पोरगानं माहीत नही!" त्यांचा आवाज फाटला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते.

बाहेर ढोलवाल्याने एकदा थाप मारली आणि थांबवली. काका बसल्या जागेवरून सरकले, नानांच्या कानाशी वाकले आणि हळूच काहीतरी बोलले.

"काय?" नाना म्हणाले.

काका पुन्हा बोलले.

"काय?"

"ध्रुवील!" काका ओरडले. "ध्रुवील! ध्रुवील नाव शे!"

बारशाला बाळाच्या कानात सांगतात ते नाव आजोबांच्या कानात असं ओरडून सांगावं लागलं. मनीषाच्या घरात ऐकू गेलं, ढोलवाल्यांना ऐकू गेलं, आणि ज्याचं नाव होतं तो दचकून रडायला लागला. आधी गोपाल हसला. मग ललित. मग सगळेच.

"हाई काय नाव शे?" नाना डोळे पुसत म्हणाले.

"गुजराती शे. पोरगास्नी ठेवं."

"धुरवील."

"ध्रुवील."

"तेच त म्हनी राहयनू मी."

"पण मुठीचं राहू द्या आता, नाना," गोपाल म्हणाला. "त्याला दातही नाहीत. पुढच्या वर्षी घ्या." हसू ओसरल्यावर काकांची नजर पुन्हा पानांवर गेली होती. मला ते समजत होतं. राहिलेलं नाव राहिलेलंच होतं, कितीही हसलं तरी.

आई दाराशी उभ्या होत्या. मातीने भरलेला डावा हात त्यांनी धुतला, पदराला पुसला आणि पानांपाशी येऊन बसल्या.

"कमी कसाले?" त्या म्हणाल्या. "चार सव्वा मुठी टाक्यात ना पोरीनी? चार मुठी चौघास्न्या. वर चार पाव. चार पावनी कितली मूठ व्हस, बन्सीभाऊ?"

काकांनी बोटांवर मोजून पाहिलं. एक.

"वरनी पाव येनारनी ऱ्हास. मन्ही सासू सांगे. इतला साल टाकत उनू, येनार कोन ते माहीत नव्हतं." त्यांनी सोनालीच्या हातातल्या बाळाकडे मान केली. "तो उना."

शाळेची पायरी न चढलेल्या माझ्या सासूबाईंनी चारही रोटांचा एकेक तुकडा मोडला, माझ्याकडून पाचवं पान मागून घेतलं आणि चारही तुकडे त्यावर एकत्र दाबून एक छोटा रोट केला. मग खिरीत करंगळी बुडवून बाळाच्या ओठांना लावली. तो रडायचा थांबला आणि ओठ चाटायला लागला.

"आनि याना सव्वामधला वरना पाव?" काका म्हणाले. त्यांच्या मिशीखाली मला पहिल्यांदा हसू दिसलं.

"तो दात येतीन तवय."

बन्सीकाकांनी पहिला घास घेतला. मग नानांनी. मी आत जाऊन भिंतीला टेकले आणि मनसोक्त रडले, अगदी सुखाने. पुष्पाबाई मागून आल्या आणि माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "तू तिखट आहेस गं. बरं झालं." बाळाचा रोट दोघा आजोबांनी अर्धा-अर्धा खाल्ला. पानांवर कण उरला नाही. सदाफुली मी पुन्हा कुंडीत लावली.

अकरा वाजता कानबाई निघाली. आईंना डोक्यावर घेता येत नव्हतं, तेव्हा तो मान पुष्पाबाईंना मिळाला, आणि रिंग रोडच्या पुलापासून मला. नवा नारळ सोनालीने घेतला. ढोलाच्या मागे दोघे भाऊ चालत होते. नाना बोटं मोजत, पुढच्या वर्षाची तयारी म्हणून, तापी येईपर्यंत तेच घोकत होते.

"सुकलाल, बन्सीलाल, ललित, गोपाल, धुरवील."

"ध्रुवील," बन्सीकाका दर वेळी ओरडून सांगत होते.